शहराकडून गावाकडे : जपानचा प्रयोग आणि आपली कुलूपबंद घरे

‘खेड्याकडे चला’ हा उपदेश आपल्या व्यासपीठांना नवा नाही. महात्मा गांधींच्या नावाने तो पिढ्यानपिढ्या दिला जात आहे, आणि तो देणारे व ऐकणारे बहुतेक सर्व जण त्याच काळात उलट दिशेने चालत आले आहेत. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील दर १०० माणसांपैकी २८ माणसे शहरांत राहात होती. २०११ च्या जनगणनेत हा आकडा ४५ वर गेला. शहरातल्या सभागृहात पंख्याखाली बसून खेड्याचे गुणगान ऐकावे, टाळ्या वाजवाव्यात आणि शेवटच्या बसने आपल्या दोन खोल्यांकडे परतावे, हा आपला शिरस्ता झाला आहे. यात कोणाचा ढोंगीपणा आहे असे आम्हांला वाटत नाही. माणूस उपदेशाने जागा बदलीत नाही. तो पोटाच्या, मुलांच्या आणि मानाच्या हिशेबाने जागा बदलतो. म्हणून माणसांनी शहरातून गावी जावे की नाही, यापेक्षा ती कोणत्या परिस्थितीत जातात आणि गेल्यावर कोणत्या परिस्थितीत टिकतात, हा प्रश्न विचारणे अधिक उपयोगाचे ठरेल.

या प्रश्नाचा विचार केवळ भाषणांतून न करता कायदे, पैसा आणि माणसे खर्ची घालून करणारा एक देश आज आपल्यासमोर आहे. तो म्हणजे जपान. त्याचा अनुभव यशाचा आहे तसाच अपयशाचाही आहे, आणि दोहोंपासून आपल्याला शिकता येण्याजोगे आहे. प्रस्तुत लेखात आम्ही प्रथम त्या देशाची हकीकत सांगणार आहोत आणि मग तिच्या प्रकाशात आपल्या कोकणाकडे व देशावर एक दृष्टिक्षेप टाकणार आहोत.

गाव रिकामे कसे झाले

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने कारखानदारीची जी झेप घेतली, तिला मनुष्यबळ पुरविले ते खेड्यांनी. १९५४ पासून उत्तरेकडील प्रांतांतून तोक्योकडे खास आगगाड्या सुटू लागल्या. त्यांत बसलेली मुले-मुली अवघी पंधरा वर्षांची असत. माध्यमिक शाळेचा दाखला हातात पडला की शिक्षकांच्या सोबतीने ती गाडीत चढत आणि तोक्योच्या उएनो स्थानकावर उतरत. तेथे दुकानदार आणि कारखानदार त्यांना न्यायला उभे असत. या मुलांना त्या काळी ‘सोन्याची अंडी’ असे म्हणत. १९७५ च्या सुमारास या गाड्या बंद झाल्या, तोवर एका पिढीची पिढी गावाबाहेर गेली होती.

साठीच्या दशकातच जपानी भाषेत एक नवा शब्द रूढ झाला : ‘कासो’. लोकसंख्या गरजेपेक्षाही विरळ होणे, असा त्याचा अर्थ. दाटीवाटीची अडचण आपण जाणतो. विरळपणाचीही अडचण असते हे त्या शब्दाने लोकांच्या लक्षात आणून दिले. गावात शंभर घरे असतात तेव्हा एक वाणी, एक वैद्य, एक शाळा आणि दिवसाकाठी चार बसगाड्या चालतात. तीस घरे उरली की वाणी दुकान मिटतो, शाळा शेजारच्या गावाच्या शाळेत मिसळते, बस दिवसातून एकदा येते. मग उरलेल्या तिसांपैकी ज्या घरात लहान मूल आहे ते घर सर्वांत आधी उठते. अशा रीतीने रितेपणाच रितेपणाला जन्म देतो. १९७० साली जपानी संसदेने या विरळ प्रदेशांसाठी स्वतंत्र कायदा केला, आणि दर काही वर्षांनी नव्या स्वरूपात तो आजतागायत चालू आहे. त्यातून रस्ते झाले, पूल झाले, बोगदे झाले. परंतु रस्ता दोन्ही दिशांना जातो. चांगल्या रस्त्याने गावात माल आला आणि त्याच रस्त्याने तरुण बाहेर पडले.

२००८ साली जपानची एकूण लोकसंख्या सुमारे १२ कोटी ८० लाखांवर पोचली आणि तेथून ती उतरणीला लागली. २०१४ मध्ये हिरोया मासुदा या माजी मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने एक अहवाल प्रसिद्ध केला. वीस ते एकोणचाळीस वर्षे वयाच्या स्त्रियांची संख्या ज्या गावा-नगरांत २०४० पर्यंत निम्म्याहून खाली जाईल, त्यांची यादी त्यात होती. देशातील सुमारे १,८०० स्थानिक संस्थांपैकी ८९६ नावे त्या यादीत निघाली. यादी नावानिशी छापली गेल्यामुळे देशभर खळबळ उडाली. आपल्या गावाचे नाव मरणोन्मुखांत वाचणे कोणाला रुचेल?

येणारांचे तीन प्रकार

जपानी लोकांनी शहर सोडणारांचे तीन वर्ग केले आहेत आणि इंग्रजी अक्षरांच्या आकारावरून त्यांना नावे दिली आहेत. गावातून शहरात जाऊन पुन्हा आपल्याच गावी येणारा तो ‘यू’ वळणाचा. गावातून शहरात गेलेला, परंतु परतताना थेट गावी न जाता वाटेतल्या मध्यम नगरात स्थिरावणारा तो ‘जे’ वळणाचा. आणि शहरातच जन्मून, कसलाही पूर्वसंबंध नसताना, सरळ रेषेत अनोळखी गावी जाणारा तो ‘आय’ वर्गातला. हे वर्गीकरण गमतीचे वाटले तरी फार कामाचे आहे, कारण तिघांच्या अडचणी वेगळ्या आहेत. यू वळणाच्या माणसाजवळ घर असते, ओळख असते; त्याला उद्योग हवा असतो आणि ‘शहरात जमले नाही म्हणून परतला’ हा बोल सोसण्याचे धैर्य हवे असते. आय वर्गातल्याजवळ पुष्कळदा हुन्नर असते, उत्साह असतो. परंतु त्याला घर कोणी देत नाही आणि शेजाऱ्यांच्या रीतीभाती त्याला ठाऊक नसतात. जे वळणाच्या माणसाला लहान नगराचा दवाखाना आणि शाळा या दोन गोष्टी पुरेशा असतात. सर्वांना एकच औषध देऊ पाहणारी योजना म्हणूनच फसते.

सरकारने काय केले

जपान सरकारच्या पुष्कळ योजनांपैकी तीन येथे सांगितल्या पाहिजेत.

पहिली २००९ सालची. तिला ‘प्रदेश-पुनरुज्जीवन सहकारी दल’ असे म्हणता येईल. शहरातील माणसाने आपली वास्तव्याची नोंद गावी हलवायची, एक ते तीन वर्षे तेथील नगरपालिकेसाठी काम करायचे आणि पगार केंद्राच्या पैशातून घ्यायचा. काम ठराविक नसते. कोणी स्थानिक माल विकतो, कोणी म्हाताऱ्यांची सोय पाहतो, कोणी पडीक शेत लागवडीला आणतो. पहिल्या वर्षी या दलात ८९ माणसे होती. २०२३ साली ती सात हजारांवर गेली. मुदत संपल्यावर यांतली सुमारे दोन तृतीयांश माणसे त्याच परिसरात राहतात असे सरकारी पाहणीत आढळले आहे. या योजनेचे मर्म असे की तीन वर्षे माणसाला गाव पारखता येते आणि गावाला माणूस पारखता येतो. लग्नाआधीच्या कांदेपोह्यांपेक्षा ही परीक्षा पुष्कळच बरी.

दुसरी योजना रोख पैशाची. २०१९ पासून तोक्योच्या मध्यवर्ती भागात राहणाऱ्या किंवा तेथे कामाला जाणाऱ्या कुटुंबाने खेड्यापाड्यात बस्तान हलविले, तर त्याला १० लाख येनपर्यंत अनुदान मिळू शकते. एकट्या माणसाला सहा लाखांपर्यंत. दहा लाख येन म्हणजे आपल्या हिशेबाने साडेपाच लाख रुपयांच्या आसपासची रक्कम. २०२३ पासून दर मुलामागे आणखी दहा लाख येनपर्यंत देण्याची तरतूद झाली. पाच वर्षांच्या आत गाव सोडले तर पैसे परत करावे लागतात : तीन वर्षांच्या आत सगळे, नंतर निम्मे.

तिसरी योजना घरांची, आणि आमच्या मते आपल्या दृष्टीने हीच सर्वांत बोधप्रद आहे. २०२३ च्या सरकारी पाहणीत जपानात सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली. म्हणजे दर सात घरांत जवळजवळ एक. नगरपालिकांनी या रिकाम्या घरांच्या नोंदवह्या उघडल्या. घरमालकाने नाव घालावे, येणाराने वही पाहून घर निवडावे, अशी ही व्यवस्था. पण गंमत अशी की गावात शेकडो घरे रिकामी दिसत असताना नोंदवहीत मोजकीच घरे येत. चौकशी केली तेव्हा कारणे कळली. घरात पूर्वजांचा देव्हारा आहे, तो कोठे हलवायचा? उन्हाळ्यात पितरांच्या सणाला चार दिवस सगळे भाऊ जमतात, तेव्हा उतरायचे कोठे? परक्याला घर दिले तर शेजारी काय म्हणतील? आणि सर्वांत मोठे कारण असे की घर कोणाच्या नावावर आहे हेच पुष्कळदा कोणाला सांगता येत नाही. आजोबा वारले, नोंद बदलली नाही. वडील वारले, नोंद बदलली नाही. आता वारस तीस-चाळीस, अर्धे शहरांत, काही परदेशांत. २०१६ च्या एका अंदाजाप्रमाणे, मालकाचा पत्ता लागत नाही अशी जमीन जपानात ४१ लाख हेक्टर होती. क्यूशू या त्यांच्या मोठ्या बेटापेक्षाही हे क्षेत्र अधिक. शेवटी एप्रिल २०२४ पासून कायदा अमलात आला की वारसा कळल्यापासून तीन वर्षांत नोंद केलीच पाहिजे, नाही तर एक लाख येनपर्यंत दंड.

हे वाचताना आपल्यापैकी पुष्कळांना आपल्या सातबाऱ्याची आठवण झाली असेल. तिकडे आपण पुढे येणारच आहोत.

एका गावाची गोष्ट

योजना कागदावर सगळीकडे सारख्याच असतात. फरक पडतो तो गावामुळे. शिकोकू बेटावर तोकुशिमा प्रांतात कामियामा नावाचे डोंगरातले गाव आहे. सुदाची नावाचे लिंबाच्या जातीचे हिरवे फळ ही तेथील ओळख. १९५५ साली येथे सुमारे २१,००० माणसे राहात होती. आज ती पाच हजारांहूनही कमी आहेत. आकड्यांनी पाहिले तर हे गाव इतर शेकडो गावांसारखेच. तरीही त्याचे नाव जपानात सर्वतोमुखी झाले, त्याची सुरुवात एका बाहुलीपासून झाली.

१९२७ साली अमेरिकेतील मुलांनी जपानी शाळांना स्नेहभेट म्हणून हजारो बाहुल्या पाठविल्या होत्या. युद्ध पेटल्यावर शत्रूच्या वस्तू म्हणून बहुतेक बाहुल्या नष्ट करण्यात आल्या. कामियामातील एका शाळेत मात्र एका शिक्षिकेने ॲलिस नावाची बाहुली लपवून ठेवली आणि ती वाचली. पुढे १९९१ साली गावातल्या काही मंडळींनी या बाहुलीला तिच्या माहेरी, अमेरिकेतील त्या लहान शहरी, नेऊन आणण्याचा घाट घातला. त्यांत शिन्या ओमिनामी हे गृहस्थ पुढे होते. या एका खटपटीतून गावात एकत्र काम करणाऱ्यांचा गट तयार झाला. १९९९ पासून या गटाने दरवर्षी देशोदेशींचे काही चित्रकार-शिल्पकार गावात आणून महिनेच्या महिने ठेवण्याची प्रथा पाडली. कीर्तिवंत कलावंतांना देण्याइतका पैसा नव्हता. म्हणून गावकऱ्यांनी घर दिले, जेवण दिले, सामान वाहायला माणसे दिली. काही कलावंत परत जाईनात. त्यांना घरे शोधून देता देता परक्याला घर मिळवून देण्याची विद्या या मंडळींना अवगत झाली.

पुढची पायरी अधिक चतुर होती. रिकामे घर कोणालाही देण्याऐवजी या मंडळींनी प्रत्येक घरासाठी उद्योग ठरविला. या घरात पाववाला हवा, त्या घरात मासिकांची सजावट करणारा हवा. ‘कोणीही या’ असे म्हणण्याऐवजी ‘आम्हांला अमुक माणूस पाहिजे’ असे म्हटल्यामुळे येणाराला पहिल्या दिवसापासून काम मिळाले आणि गावाला पाव मिळाला. याच सुमारास एक योगायोग उपयोगी पडला. दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण जुन्या पद्धतीवरून नव्या पद्धतीवर जाणार होते, तेव्हा ओसाकाकडून येणारे कार्यक्रम दिसेनासे होतील म्हणून तोकुशिमा प्रांताने डोंगरदऱ्यांतून काचतंतूंच्या तारा टाकल्या होत्या. तारा मोठ्या, वापरणारे थोडे; त्यामुळे कामियामात इंटरनेट तोक्योपेक्षाही वेगाने चाले. २०१० साली सॅनसॅन या तोक्योच्या कंपनीने येथील एका जुन्या घरात आपली लहान कचेरी उघडली आणि तिच्यामागून आणखी काही कंपन्या आल्या. २०११ साली गाव सोडणारे १३९ आणि गावात येणारे १५१ अशी नोंद झाली. बारा माणसांची ही बेरीज हसण्यावारी नेण्यासारखी वाटेल. परंतु पन्नास वर्षे केवळ वजाबाकी पाहिलेल्या गावाला ती किती मोलाची वाटली असेल याची कल्पना करावी. २०२३ च्या एप्रिलमध्ये तेथे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचे एक नवे तंत्रविद्यालय सुरू झाले. दरवर्षी ४० विद्यार्थी घ्यायचे, अशी त्याची योजना.

ओमिनामी यांचा विचार थोडक्यात असा की लोकसंख्या घटणार हे आधी मान्य करावे. किती माणसे उरली याची चिंता करीत बसण्यापेक्षा कोणत्या वयाची आणि कोणत्या हुन्नराची माणसे आहेत, शाळेच्या एका वर्गाला पुरेशी मुले आहेत की नाहीत, याकडे पाहावे. याला ते ‘सर्जनशील विरळपणा’ म्हणतात. आम्हांला या विचारात मोठी शहाणीव दिसते. गाव पूर्वीसारखे होणार नाही, हे कबूल केल्यावाचून ते नव्याने उभे करण्याचे काम सुरू होत नाही.

हिशेबाची दुसरी बाजू

एवढ्यावर थांबलो तर आम्ही वाचकांची फसवणूक केली असे होईल. सबंध देशाचा हिशेब पाहिला तर जपानचा प्रवाह फिरलेला नाही. २०२० साली साथ आली, घरबसल्या काम सुरू झाले आणि २०२१ मध्ये तोक्योच्या मध्यवर्ती २३ विभागांतून बाहेर जाणारे हे आत येणारांपेक्षा अधिक झाले, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. पण साथ ओसरताच लोक परतले. २०२३ मध्ये तोक्यो आणि भोवतालच्या प्रांतांत बाहेरून येणारे, जाणारांपेक्षा सव्वा लाखाने जास्त होते. हे येणे-जाणे समसमान करण्याचे सरकारने ठरविलेले वर्ष पुनःपुन्हा पुढे ढकलावे लागले.

याची कारणे शोधली तर पैशाने न सुटणाऱ्या गोष्टी पुढे येतात. पहिली गोष्ट स्त्रियांची. गाव सोडलेल्या मुली मुलांपेक्षाही कमी प्रमाणात परत येतात. गावात त्यांच्या शिक्षणाजोगे काम नसते. सभेत बोलायचे पुरुषांनी आणि चहा करायचा बायकांनी, ही रीतही सुटलेली नसते. ज्या गावात तरुण स्त्रीला राहावेसे वाटत नाही, त्या गावाला अनुदान देऊन काय होणार? दुसरी गोष्ट शेजारधर्माची. फुकुई प्रांतातील इकेदा नावाच्या गावाने २०२३ च्या आरंभी आपल्या पत्रिकेत नव्याने येणारांसाठी सात कलमे छापली. शहरी रीत गावावर लादू नका, सार्वजनिक कामांत भाग घ्या, येथे तुमच्यावर लोकांचे लक्ष राहील हे ध्यानात ठेवा, असा त्यांचा आशय होता. देशभर टीका झाली. परंतु त्या कलमांत लबाडी नव्हती. बर्फ काढणे, पाट साफ करणे ही कामे सर्वांनी मिळून केली नाहीत तर तेथे हिवाळा निघत नाही. शहरात शेजाऱ्याने आपल्याकडे पाहू नये हे सुख मानतात, गावात शेजाऱ्याने पाहिले नाही तर तो राग समजतात. या दोन समजुतींचे लग्न लावणे हे रस्ता बांधण्यापेक्षा अवघड काम आहे.

आपल्याकडे काय दिसते

आता आपल्या घराकडे वळू. जपानसारखी विरळता आपल्याकडे नाही असे कोणी म्हणेल, आणि महाराष्ट्राच्या बेरजेपुरते ते खरे आहे. परंतु २००१ आणि २०११ या दोन जनगणना शेजारी ठेवून पाहाव्यात. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर. मुंबईच्या गिरण्यांवर आणि मनीऑर्डरींवर ज्या प्रदेशाच्या चुली पिढ्यान्‌पिढ्या पेटल्या, त्याची ही स्थिती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, मनीऑर्डरीही गेल्या. परंतु मुंबईला गेलेली माणसे परतली नाहीत, ती विरार-बदलापूरपर्यंत पसरली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. तिच्यामुळे गणपतीला घर उघडणे सोपे झाले आणि अकराव्या दिवशी पुन्हा कुलूप लावणेही सोपे झाले. होळीला व गणपतीला उजळणारी आणि एरवी अंगणात दगडी पाला साचू देणारी घरे कोकणातल्या कोणत्या वाडीत नाहीत?

या घरांना जपानी घरांचेच दुखणे आहे. सातबाऱ्यावर पणजोबांच्या वारसांची पंधरा-वीस नावे, सामाईक खाते, वाटप झालेले नाही, फेरफार अडलेला. एकाने कौले बदलायची म्हटली तर दुसऱ्याला वाटते हा घर बळकावणार. तिसरा म्हणतो, पडू दे, पण विकायचे नाही. २००५ च्या दुरुस्तीने मुलींचा समान हक्क कायद्याने निःसंशय झाला, तो न्याय्यच आहे. पण त्याप्रमाणे नोंदी करून घेण्याची तसदी किती कुटुंबांनी घेतली? शिवाय जपानात ज्यांना आय वर्गातले म्हटले, त्या अनोळखी इच्छुकांना आपल्याकडे आणखी एक अडसर आहे. जो शेतकरी नाही त्याला महाराष्ट्रात परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. कुळांच्या आणि शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी झालेल्या १९४८ च्या कायद्यातली ही तरतूद आहे आणि तिच्यामागचे कारण विसरून चालणार नाही. गावात वस्ती करणारा आणि जमिनीवर पैसा गुंतविणारा यांत भेद केलाच पाहिजे. दुसऱ्याच्या येण्याने गावाला कुंपण मिळते, शेजारी मिळत नाही.

देशावर एक वेगळे उदाहरण आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावात पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटर पडतो. १९७२ च्या दुष्काळानंतर तेथील माणसे मजुरीसाठी बाहेर पांगली. १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान असे नियम स्वतःवर घालून घेतले. डोंगरावर सलग समतल चर खणले, बंधारे घातले. शेतीसाठी कूपनलिका खणायच्या नाहीत, उसासारखे पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही, असे ठरविले. दरवर्षी पाऊस मोजायचा, विहिरींतले पाणी मोजायचे आणि त्या अंदाजाने पिके ठरवायची, ही पाण्याची जमाखर्चाची वही गाव आजही महत्त्वाची मानते. विहिरींना पाणी आले, चारा वाढला, दूध वाढले, आणि मुंबई-पुण्याकडे गेलेली कुटुंबे परत आली. यू वळणाचे हे आपल्या मातीतले उदाहरण. त्यांना परत या असे आर्जव कोणी केले म्हणून ती आली असे नाही. पाणी आल्यावर ती आली.

याच्या उलट उदाहरण २०२० च्या मार्च महिन्याचे. टाळेबंदी झाली आणि लाखो मजूर उन्हातान्हात पायी आपापल्या गावी निघाले. त्या महिन्यांत ‘गावे पुन्हा भरली’ असे लिहिले गेले. पण ज्या गावात काम नव्हते म्हणून माणूस निघाला होता, त्या गावात काम नव्हतेच. गाड्या सुरू झाल्या तशी बहुतेक माणसे परतली. भीतीने आलेला माणूस भीती संपली की जातो.

आणखी एका गोष्टीकडे पाठ फिरवून हा विषय पुरा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या समाजाला खेडे सोडण्याचा सल्ला दिला आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना खेड्याच्या गौरवगाथेवर कठोर टीका केली. ज्यांना पाणवठ्यावर पाय ठेवता येत नव्हता त्यांच्यासाठी मुंबईची चाळ ही मुक्ती होती. तेव्हा ‘गावी चला’ म्हणताना कोणाच्या गावी आणि कोणत्या वस्तीत, हे विचारलेच पाहिजे. जपानी स्त्री ज्या कारणाने गावी परतत नाही, त्याच जातीचे पण कितीतरी अधिक जळजळीत कारण आपल्याकडे आहे. ज्याला गावात मान नव्हता, त्याने गावाच्या आठवणीने व्याकूळ व्हावे अशी अपेक्षा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. गावाने आधी बदलले पाहिजे.

मग करावे काय

दोन्ही देशांचा अनुभव एकत्र ठेवला तर क्रम असा दिसतो. आधी उपजीविका : पाणी असो, कारागिरी असो की तारेवरून येणारे काम असो. तिच्या जोडीला शाळा आणि दवाखाना, कारण या दोहोंवाचून मुलाबाळांचे कुटुंब एक वर्षही काढीत नाही. त्यानंतर राहण्याजोगे घर आणि त्याचे स्वच्छ कागद. आणि या सर्वांबरोबर, नव्या माणसाला, स्त्रीला, पूर्वी दूर ठेवलेल्याला ग्रामसभेत बरोबरीची जागा. रोख अनुदान या सर्वांच्या शेवटी येते. ते वाटखर्चाला पुरते, वस्तीला पुरत नाही.

सर्व शहरवासीयांनी उठून गावी जावे असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हटले तरी कोणी ऐकणार नाही. परंतु या व्याख्यानमालेला येणाऱ्या मंडळींपैकी ज्यांचे घर गावी कुलूपबंद आहे, त्यांना दोन कामे आजही करता येतील. भावाबहिणींना एकत्र बसवून सातबाऱ्यावरची वारसनोंद पुरी करून घ्यावी. याला पैसा फार लागत नाही, अबोला मोडावा लागतो. आणि घर पडू देण्यापेक्षा गावातल्या शाळेत बदलून आलेल्या शिक्षिकेला, आरोग्य उपकेंद्रातल्या परिचारिकेला किंवा काही करू पाहणाऱ्या तरुण जोडप्याला, रीतसर करार करून, राहायला द्यावे. देवघराची खोली आपल्याकडे ठेवावी, गणपतीला जावे, त्यांच्या हातचा चहा घ्यावा. कामियामातही सुरुवात एवढ्यावरच झाली होती : एका रिकाम्या घराची किल्ली एका परक्याच्या हाती देण्यास मालक राजी झाला. आपली किल्ली सध्या कोणत्या फडताळात आहे, हे घरी गेल्यावर एकदा पाहावे.